तुम्ही विचारलंत म्हणून : मुलीला नर्सिंगला घालू का?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. आधी फी, मग हॉस्टेल, आणि शेवटी हळू आवाजात, "सिस्टर, सिनिअर फार छळतात म्हणे. खरं का हो?"

खरं आहे. कॉलेजात असेपर्यंत निदान कायदा पाठीशी असतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वॉर्डात नोकरीला लागलं की ते छत्र गेलं. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि तक्रार समिती आहे, पण रोज उठून पाणउतारा करणाऱ्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं काय? जायचं मेट्रनच्या, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाच्या, केबिनमध्ये, आणि तिथे इन्चार्ज आधीच चहा पीत बसलेली.

बोलणं तरी दिसतं. न दिसणारा छळ ड्युटी लिस्टमध्ये असतो. गणपती, दिवाळी, दोन्हीला नाईट तुझीच. नाईट ऑफ, म्हणजे नाईटनंतरची सुट्टी, कापला, का ते विचारायचं नाही. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना, मुद्दाम एक गोष्ट गाळायची आणि सकाळी राउंडला तीच विचारायची.

माझ्या पहिल्या वर्षातली एक रात्र सांगते. पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल हातात. हे थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं, सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडायचं, एवढं पक्कं ठाऊक होतं. किती सलाईनमध्ये, किती वेळात, ते विचारायचं होतं. सिनिअर चार पावलांवर बसली होती. पण आदल्याच दिवशी नातेवाइकांसमोर तिनं "पैसे भरून पास झालीस का गं?" म्हटलं होतं. मी जिना चढून वरच्या वॉर्डातल्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, विचारून आले. तेवढा वेळ माझे पेशंट वाऱ्यावर. पेशंटला काही झालं नाही, म्हणून हे आज सांगू शकते.

आणि आठ वर्षांनी मीही एका फ्रेशरला तसंच बोलले. चाळीस पेशंट, दोघी स्टाफ, वर डॉक्टरांची बोलणी. वड्याचं तेल वांग्यावर. ती रडली नाही, फक्त त्यानंतर मला काही विचारेनाशी झाली. ते मला फार उशिरा लक्षात आलं. अमेरिकेत ज्युडिथ माइस्नर यांनी १९८६ मध्येच विचारलं होतं, आपण नर्सेस आपलीच पिल्लं खातो का? म्हणजे दुखणं जुनं आणि सगळीकडचं. तरी माझ्यापुरतं ते कारण होत नाही.

इन्चार्ज झाल्यावर फार काही केलं नाही. महिन्याची ड्युटी लिस्ट बोर्डावर लावते, खाली प्रत्येकीच्या नाईट आणि सणाच्या ड्युट्यांचा आकडा. आकडा समोर असला की मर्जी चालत नाही. माझीसुद्धा. धोक्याच्या औषधांना दोघींच्या सह्या, त्यामुळे विचारणं हा कमीपणा न राहता कामाचाच भाग झाला. चूक दाखवायची ती पेशंटच्या कॉटपाशी नाही, ट्रीटमेंट रूममध्ये. "सिस्टर, मुली डोक्यावर बसतील" असं दोघी-तिघी म्हणाल्या. अजून तरी कुणी बसलेली नाही.

सगळ्याच वॉर्डांत असं असेल याची हमी मी देणार नाही.

तर घाला मुलीला नर्सिंगला. नोकरीला लागली की एक छोटी डायरी द्या : कोण, काय बोललं, तारीख, वेळ, समोर कोण होतं. तक्रार करायची वेळ आली तर "त्या नेहमीच त्रास देतात" याला केबिनमध्ये कुणी विचारत नाही. आणि ड्युटी लिस्टचा फोटो दर महिन्याला काढून ठेवायला सांगा. लिस्ट मागाहून बदलते.