माझा अनुभव : पेनिसिलिनचं इंजेक्शन पिशवीत घेऊन तीन दिवस फिरलो

मला सिफिलिस, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा रोग, झाला होता. आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. आमच्या गावाकडे याला गरमी म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात, म्हणून घरी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. पण साधं एक इंजेक्शन टोचून घेण्यासाठी जो त्रास झाला तो डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. लिंगावर एक छोटी जखम, मटारच्या दाण्याएवढी, कडा कडक, पण अजिबात दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही असं मी धरलं आणि मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावली. जांघेत अवधाण पण आलं होतं, ते सेफ्टी शूजनी पाय सोलला होता त्याचं असेल असं वाटलं. महिन्याभरात जखम गेली, मी म्हणलं ट्यूबनी गेली. ट्यूबनी काहीच झालं नव्हतं. ही जखम औषध न घेता पण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते आणि रोग आत तसाच राहतो.

एप्रिलमध्ये अंगावर तांबूस डाग आले, तळहातावर आणि तळपायावर सुद्धा, घसा धरलेला, बारीक ताप. नेहमीच्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, दहा दिवस खाल्ल्या, फरक शून्य. मग स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तळहात उजेडात धरून बघितले, खाज येते का विचारलं, मी नाही म्हणलं, तर सरळ विचारलं की गेल्या काही महिन्यांत कंडोमशिवाय संबंध आला होता का. मी आधी नाही म्हणालो, मग दोन मिनिटांनी हो म्हणालो. तिथे खोटं बोलू नका, त्यांना निदान करायला तेवढंच हवं असतं. तळहात-तळपायावर न खाजणारे डाग म्हणजे व्हीडीआरएल, सिफिलिसची रक्ताची टेस्ट, करायचीच, असं ते म्हणाले. रिपोर्ट एकास चौसष्ट आला, म्हणजे रक्त चौसष्ट पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह, आणि खात्रीची दुसरी टेस्ट टीपीएचए, ती पण पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह, पण ती टेस्ट तीन महिन्यांनी परत करायला सांगितली, कारण लागण नवीन असेल तर लगेच दिसत नाही.

औषध काय, तर बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, एकदाच. बारा-बारा लाखाच्या दोन बाटल्या, दोन्ही बाजूंना कमरेत. डॉक्टर म्हणाले माझ्याकडे सोय नाही, बाटल्या घ्या आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये टोचून घ्या. इतकं सोपं वाटलं मला. तीन मेडिकलमध्ये मिळालं नाही, चौथ्याने दुसऱ्या दिवशी मागवून दिलं, तोपर्यंत ठीक होतं. पहिल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरनी खोका बघितला आणि हात मागे घेतला, हे आम्ही देत नाही, रिॲक्शन येते. दुसरीकडे डॉक्टर म्हणाले एक दिवस ॲडमिट व्हा, डिपॉझिट भरा, मग बघू. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी वाचून बाकड्यावर बसलेल्या दहा जणांसमोर मोठ्याने विचारलं, हे कशासाठी घेताय? मी चिठ्ठी हिसकावून बाहेर आलो आणि गाडीवर बसून राहिलो, हात थरथरत होते. पेनिसिलिनची रिॲक्शन क्वचित पण जिवावरची येऊ शकते हे खरंय, म्हणूनच ते हॉस्पिटलात द्यायचं असतं ना? मग हॉस्पिटलवालेच नको म्हणाले तर माणसाने जायचं कुठे? चौथा म्हणाला इंजेक्शन सोडा, पाच दिवसाच्या गोळ्या देतो. मी स्किनच्या डॉक्टरांना फोन केला, ते चिडले, म्हणाले गोळ्या ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यासाठी, आणि त्या पण चौदा दिवस डॉक्सीसायक्लिन, असलं अर्धवट काही घेऊ नका. तीन दिवस बाटल्या डब्याच्या पिशवीत घेऊन शिफ्टला जात होतो.

शेवटी १०९७ ला फोन लावला. ही नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. त्यांनी सांगितलं सरकारी हॉस्पिटलमध्ये असल्या गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे जा. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं! केसपेपरच्या खिडकीवर काय होतंय विचारतात, नुसतं त्वचेचं आहे म्हणा, पुरतं. आत समुपदेशक मॅडम होत्या, दार लावून घेतलं आणि मला अहो-जाहो करून बोलल्या. आधी पेनिसिलिनचा त्रास झालाय का विचारलं, टेस्ट डोस दिला, थांबवलं, मग दोन्ही बाजूंना इंजेक्शन. औषध घट्ट असतं, दुखतं, दोन दिवस बसताना जाणवलं. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं. सगळं मिळून दोन तास आणि पैसे नाहीत. बाहेर आल्यावर मला रडू आलं.

संध्याकाळी थंडी वाजून ताप येईल, ते जंतू मरताना होतं, ॲलर्जी नाही, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. आला, पॅरासिटामॉल घेतली, सकाळी उतरला.

त्यांच्याकडे बाकीच्या गुप्तरोगांच्या औषधांचे पण रंगीत खोके असतात, राखाडी, हिरवा, पांढरा, लाल असे. बसलो होतो तेव्हा त्यांनी समजावलं. लघवीला जळजळ आणि पू येणं, ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात, ते बहुतेक दोन ते सात दिवसांत कळतं. पाण्याचे बारीक फोड येऊन फुटतात आणि खूप दुखतात ते हर्पिसचं, म्हणजे माझ्या जखमेच्या बरोबर उलटं. बायकांना अंगावरून वास येणारं किंवा पिवळट जाणं, ओटीपोटात दुखणं, पण पुष्कळ जणींना काहीच जाणवत नाही. हे शेवटचं मी ऐकून सोडून दिलं असतं, पण माझ्या मैत्रिणीला एक डागसुद्धा नव्हता आणि तिची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. तिला सांगायला मला चार दिवस लागले, ते चार दिवस इंजेक्शनच्या तीन दिवसांपेक्षा अवघड होते. कुणामुळे कुणाला हे आम्ही काढत बसलो नाही, तिने त्याच क्लिनिकमध्ये इंजेक्शन घेतलं. बरं झालं घेतलं, कारण पुढे दिवस राहिले असते तर बाळापर्यंत जाऊ शकलं असतं.

टीपीएचए बरं झाल्यावर पण बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, कंपनीच्या मेडिकलला कुणी विचारलं तर घाबरू नका. बघायचा असतो तो व्हीडीआरएलचा आकडा, तो खाली यायला हवा. सहा महिन्यांनी माझा एकास आठ आला, चौसष्टवरून आठ, तो कागद मी पाकिटात ठेवलाय.

एक राहिलं, जखम दिसली की फोनमध्ये फोटो काढून ठेवा, लाजू नका. मी स्किनच्या डॉक्टरकडे पोचलो तेव्हा ती भरून गेली होती, आणि ती कशी होती, कडा कशा होत्या हे मला नुसतं तोंडाने सांगावं लागलं.