सत्तावीस चुण्या, पाच इंच

एडिनबरात आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) येतो तो बहुतेक सैल करून हवा म्हणून. हा उलटा आला. गिऱ्हाईक पाइप बँडमधले, म्हणजे बॅगपाइप आणि ढोलांच्या पथकातले, ढोलवादक. आजारपणात कंबर ३९ वरून ३४ वर आलेली, सीट (नितंबांचा घेर) ४४ वरून ४० वर. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर जागतिक पाइप बँड स्पर्धा, म्हणजे हातात तीन आठवडे.

ते किल्ट घालून उभे राहिले तेव्हाच दुखणं दिसलं. बाहेरच्या एप्रनची (पुढच्या बिनचुण्यांच्या सपाट भागाची) झालरीची कड उजव्या कुशीवर यायला हवी. ती मागे चुण्यांवर चढली होती. कुणीतरी आधी तिन्ही बकलं मागे सरकवून काम भागवलं होतं. बकल सरकवणं हा इंच-दीड इंचापर्यंतचा इलाज. त्यापुढे एप्रन मागे पळतो, त्याचा मध्य बेंबीच्या रेषेवरून ढळतो आणि किल्ट अंगावर फिरल्यासारखा दिसतो. कंबर घटली की निम्मी घट एप्रनमधून काढायची आणि निम्मी चुण्यांमधून.

कापड १६ औंसाचं, गॉर्डन टार्टन (टार्टन म्हणजे स्कॉटिश चौकडी), ८ वार. (नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि सगळं कमरेभोवतीच.) खरं तर डबल पन्ह्याचं ४ वार कापड उभं चिरून दोन तुकडे जोडलेले असतात, तो जोड मागे एका चुणीच्या आत लपवतात. चुण्या लष्करी पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक चुणीवर मधोमध तीच पिवळी रेघ. मोजल्या, २७ भरल्या.

पाच इंच म्हणजे सगळं उसवून नव्याने चुण्या पाडायच्या, असा माझा बेत होता. त्याआधी प्रत्येक चुणी खालपर्यंत पांढऱ्या दोऱ्याने कच्ची टाचून घेतली. हे टाळलं तर घडीची मोड हरवते आणि पुढचा अख्खा दिवस इस्त्रीत जातो. मग पट्टे, कमरपट्टी, अस्तर, कॅनव्हास या क्रमाने उसवत गेले. कॅनव्हास निघाला आणि बेत तिथेच बदलला. कमरेपासून सीटपर्यंत चुण्यांच्या आतलं जादा कापड जुन्या कारागिराने कापून टाकलेलं. जाडी कमी व्हावी म्हणून असं करतात, त्यात वावगं काही नाही. पण मग घडी दुसरीकडे नेता येत नाही, कारण तिथे कापडच नसतं. घटवायला मात्र ते आड येत नाही. चुणी अरुंद केली की आतला दाब, म्हणजे आत दुमडलेलं कापड, वाढतोच. सैल करायचा असता तर हा किल्ट मी परत पाठवला असता.

आता हिशोब. चुण्यांचा भाग कमरेला साडेएकोणीस इंचांवरून १७ वर आणायचा, सीटला २३ वरून २१ वर. अडीच इंच भागिले २७, म्हणजे चुणीमागे सव्वादोन मिलिमीटरच्या किंचित वर. चुणी कमरेला साधारण १८ मिलिमीटरची १६ व्हायची, सीटला साडेएकवीसची पावणेवीस. ही घट मी दोन्ही बाजूंनी वाटली नाही. दुमडीची कड जिथे होती तिथेच ठेवली आणि शेजारची चुणी तिच्याखाली जास्त सरकवली. त्यामुळे पिवळी रेघ मध्यापासून मिलिमीटरभर सरकते, पण सगळ्याच सारख्या सरकल्या तर डोळ्याला कळत नाही. दुमड हलवली असती तर जुनी मोड, त्या मोडीवरचा फिकटपणा, सगळं उघड्यावर आलं असतं.

टाका हाताचाच, बाहेरून, इंचाला दहाच्या आसपास, सीटच्या खुणेपासून वर कमरेकडे. नवव्या चुणीला टेप लावला तर ४ मिलिमीटर जास्त भरले. दर चुणीला अर्धा मिलिमीटरही नाही, पण याच चालीने सत्ताविसाव्या चुणीला अर्ध्या इंचाची चूक झाली असती. कारण साधं होतं: मी खडूच्या रेघेच्या बाहेरच्या कडेवर टाका घालत होते आणि खडूची रेघच मिलिमीटरभर जाड. नऊ चुण्या उसवल्या. खडू ठेवला, दोऱ्याच्या खुणा घेतल्या आणि दर तीन चुण्यांनी टेप. गडद टार्टनमध्ये एवढी चूक खपून जाते. पिवळी रेघ चुगली करते.

आतून चुण्यांवर आडवी उलट टीप घातली. कापलेल्या चुण्यांचं सगळं वजन या टीपेवर असतं. ती ढिली पडली की मागचा भाग लोंबतो. वर नवा कॅनव्हास, जुना लोळागोळा झाला होता.

एप्रन दोन्हीकडून सारखा घेतला: कमरेला सव्वा इंच, सीटला एक इंच. डावीकडचं जादा कापड खोल चुणीत गेलं. उजवीकडे झालर उसवून कड आत दुमडली आणि झालर परत लावली. आतला एप्रन झाकलेलाच राहतो, त्याची फक्त मोकळी कड आत घेतली. डाव्या पट्ट्याचं काज नव्या जागी केलं.

लांबीचा प्रश्न शेवटी आला. पोट गेल्याने किल्ट बोटभर खाली उतरला होता आणि खालून दुमडायची सोय नसते. खाली कापडाचा विणलेला काठच असतो. म्हणून पाऊण इंच वरून घेतला, कमरपट्टी लावायच्या आधी. पट्टी लावल्यावर ध्यानात आलं असतं तर ती पुन्हा उसवा.

कातडी पट्टे नवे घेतले. कातड्यात सुईची भोकं बुजत नाहीत आणि जुन्यांवर दोन ओळी आधीच होत्या. ओलं फडकं टाकून वजनाने दाबलं, न घासता, आणि रात्रभर तसंच गार होऊ दिलं.

ट्रायलला बकलं मधल्या भोकावर बसवली. वजन परत वाढलं तर सैल करायला दोन भोकं शिल्लक आहेत.