पत्ता ठरायचा आहे

जपानमध्ये टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवरच ओळखपत्र हातात देतात. त्याला झाइर्यू कार्ड म्हणतात. माझ्या कार्डावर नाव होतं, फोटो होता, व्हिसाची मुदत होती आणि पत्त्याच्या रकान्यात छापलं होतं ‘मितेइ’, म्हणजे अजून ठरलेला नाही. सांगलीच्या गावभागात ज्या घरात वाढले, त्याच घरातून मी निघाले होते. पत्ता नसण्याची ही पहिलीच वेळ, आणि तो शब्द मला बरेच दिवस टोचत राहिला.

2023 चा एप्रिल होता. कंपनीनं महिनाभरासाठी एक खोली दिली होती, तेवढ्यात घर शोधायचं. फोन नंबर नसेल तर घराचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि फोन घ्यायला गेलं तर दुकानदार पत्ता विचारतो. एका एजंटानं माझ्यासमोरच घरमालकाला फोन लावला. मला त्यातला ‘गाइकोकुजिन’ एवढाच शब्द कळला, परदेशी माणूस. मग ‘हाइ, हाइ’ म्हणत त्यानं मान लववली, फोन ठेवला आणि फाइल मिटली. असं तीनदा झालं. तेव्हा वाईट वाटलं आणि आजही वाटतं. वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाला तो कुठला आहे यावरून दारातच अडवणं चूकच आहे, मग ते टोकियोत असो की पुण्यात.

ऑफिसातल्या एका ताईंनी यूआरचं नाव सांगितलं. ही सरकारी गृहसंस्था. खासगी घराला बहुतेक वेळा मालकाला ‘रेइकिन’ द्यावं लागतं, म्हणजे घर दिल्याबद्दलचे आभाराचे, परत न मिळणारे पैसे. शिवाय दलाली आणि जामीनदार. यूआरला यातलं काहीच लागत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पगाराची अट, बस. आठवड्याभरात तोझाइ या मेट्रो लाइनवरच्या निशी-कासाइला घर मिळालं. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. आयटीतली भारतीय कुटुंबं इथं पुष्कळ, तूरडाळ चालत जाऊन आणता येते. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. त्यांची माझी भेट नाही, पण घर घेताना त्या गोष्टीचा मला आधार वाटला.

किल्ली घेऊन संध्याकाळी दार उघडलं. स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडलं तर कुठंच दिवा नाही. इथं भाडेकरू जाताना दिवे, पडदे, शेगडी सगळं घेऊन जातो. छताला फक्त एक गोल सॉकेट, त्याला दोन खाचा. गॅस सुरू करायला माणूस यावा लागतो आणि त्या वेळी आपण घरात हजर असावं लागतं, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. ती रात्र मी स्वयंपाकघराचा उजेड खोलीत येईल अशा बेतानं चटई टाकून काढली. सकाळी रिंग दिवा आणला, सॉकेटात बसवून जरा फिरवला, खट्ट आवाज झाला आणि खोली उजळली. मी तो दोनतीनदा काढून पुन्हा बसवला. त्या खट्टनं घर माझं झालं.

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद करावी लागते. कासाइच्या कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या ओळीत माझा पत्ता उमटवून दिला. इथल्या पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं. आधी शहर, मग वॉर्ड, मग वस्ती, तिचा भाग, गट, इमारत आणि शेवटी आपण. मी ते तिथंच उभी राहून वाचलं. मग बाईंनी कागदांचा एक गठ्ठा दिला. जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, बाटल्या-डबे कधी, त्याचं वेळापत्रक. आणि त्याखाली पुराचा नकाशा.

त्या नकाशाचं मुखपृष्ठ मी विसरणार नाही. 2019 च्या मे महिन्यात वॉर्डानं तो काढला. वर टोकियोच्या परिसराचं चित्र, त्यात एदोगावा, आणि तिथं लिहिलंय, ‘कोको नि इते वा दामे देसु’. इथं राहू नका. वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या समुद्रपातळीहून खाली आहे. कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसलं आणि जमीन खचत गेली. नद्या आणि समुद्र एकदम चढले तर बऱ्याच भागात आठवडा-दोन आठवडे पाणी उतरणार नाही, म्हणून वादळाच्या आधीच वॉर्डाबाहेर पडा. ज्या ऑफिसनं मला नुकतंच इथली रहिवासी करून घेतलं, त्याच ऑफिसचं हे सांगणं. मला त्यात परकेपणा वाटला नाही. इतकं खरं बोलणाऱ्यावर विश्वास बसतो.

घराजवळ अराकावा नदी आहे. आहे म्हणजे खणलेली. 1910 च्या महापुरानंतर टोकियो वाचवायला 22 किलोमीटरचा नवा प्रवाह काढला, 1930 ला काम पुरं झालं. आकिरा आओयामा हे त्या कामावरचे अभियंते, आधी पनामा कालव्यावर राबून आलेले. दर रविवारी मी तिच्या बांधावर चालते. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला आपली घरं, आणि मधे आपण उंचावर. सांगलीकराला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. शेजाऱ्यांना भेटायची पद्धत म्हणून मी हात पुसायचा छोटा टॉवेल घेऊन गेले होते. उन्हाळ्यात जिन्यात भेटल्या की त्या ‘आत्सुइ ने’ म्हणतात. ‘उकडतंय ना’ यातला ‘ना’ आणि त्यांचा ‘ने’ अगदी त्याच जागी, त्याच सुरात येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घशात काहीतरी आलं. एकदा नकाशाचा विषय निघाला. 12 ऑक्टोबर 2019 च्या वादळात त्या रात्रभर शाळेच्या जिममध्ये होत्या. मीही माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, आमच्या घरात पाणी शिरलं, आईनं धान्याचे डबे माळ्यावर चढवले आणि शेवटी होडीतून बाहेर पडलो. आजींनी विचारलं, ‘फोटो?’ मी आधी मोबाइल पुढे केला. त्यांना तो नको होता. घरातले जुने फोटो वाचले का, असं त्या विचारत होत्या. आजोबांचा एकच वाचला, म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या मुठीला एक पिशवी लटकवलेली होती, आत झिप लावून बंद होणारी जाड प्लास्टिकची पाकिटं. कागदपत्रं ठेवायला. आता पासपोर्ट, आजोबांच्या फोटोची प्रत आणि पाण्याच्या दोन बाटल्या दाराशेजारच्या बॅगेत असतात.

आईला नकाशाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, पुन्हा नदीकाठीच घर घेतलंस?’ आणि गप्प झाली. आता टोकियोकडे वादळ येतंय असं बातमीत दिसलं की तिचा फोन येतो, ‘अराकावा किती वर आहे?’ इथं नदीची पातळी इंटरनेटवर दिसत राहते, मी आकडा वाचते, ती मीटरचे फूट करून घेते. आणि ऑगस्टमध्ये तिकडं पाऊस लागला की मी विचारते, ‘आयर्विनला किती?’