केसीएलची अँप्युल आणि चौकशीचे नाटक

मराठवाड्यातील एका रुग्णालयात परिचारिका, निवासी डॉक्टर आणि औषधनिर्माते यांच्यासाठी गेल्या महिन्यात मी एक नाटक बसवले. ते अपघाताचे नव्हते. अपघातानंतर बसणाऱ्या चौकशी समितीचे होते.

घटना काल्पनिक होती. फवारणीच्या हंगामातील रात्र, वॉर्डात ४० रुग्ण, ड्युटीवर एकच सिस्टर आणि नुकताच आलेला विषबाधेचा रुग्ण. त्या धावपळीत दुसऱ्या रुग्णाचे अँटिबायोटिक विरघळवण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरऐवजी पोटॅशियम क्लोराईडची, म्हणजे आपल्या बोलण्यातील केसीएलची, १० मिलीची अँप्युल फोडली जाते. केसीएल सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यावे लागते. न मिसळता थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते.

प्रत्येकाला एक कागद दिला होता आणि त्या पात्राला जेवढे ठाऊक, तेवढेच त्यावर लिहिले होते. विचारल्याशिवाय सांगायचे नाही, ही एकच अट. पहिल्या फेरीत समितीचे अध्यक्ष एक ज्येष्ठ डॉक्टर होते. 'लेबल वाचले होते का?' या प्रश्नाने त्यांनी सुरुवात केली आणि १५ मिनिटांत सिस्टरच्या नावाने मेमोचा मसुदाही तयार झाला. मला हसू आले नाही, कारण असे मेमो मी स्वतः लिहिले आहेत. शेवट ठाऊक असलेल्याला मधली प्रत्येक पायरी लख्ख दिसते, पण रात्री २ वाजता त्या पायरीवर उभ्या असलेल्याला ती तशी दिसत नसते, हे व्याख्यानाने पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचे भोकांच्या चीजचे उदाहरण, म्हणजे सुरक्षेच्या अनेक थरांतील भोके एका रेषेत आली की अपघात होतो हे चित्र, मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढले. माना डोलल्या आणि मेमो चालूच राहिले.

दुसऱ्या फेरीत त्याच डॉक्टरांना रात्रीची सिस्टर केले. लेबलाचा प्रश्न त्यांच्यावरच आला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वाचले, असेच मला वाटले होते." तेथून समितीच्या विचारण्याचा रोख बदलला. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे ड्युटी सोपवताना, काय सांगितले गेले, फोनवरच्या ऑर्डरी किती होत्या, अशी चौकशी सुरू झाली आणि पहिल्या फेरीत नुसत्या बसून राहिलेल्या औषधनिर्मात्याला बोलावणे आले. आठवड्यापूर्वी पुरवठादार बदलला होता आणि नव्या केसीएलची अँप्युल थेट डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी दिसत होती, हे त्याच्या कागदावर पहिल्यापासून लिहिलेले होते.

ट्रे कोणी भरला, हेही कोणीतरी विचारले; 'तो भरलेलाच असतो' एवढ्या उत्तरावर समितीचे समाधान झाले. वॉर्डातील मावशींची भूमिका मी खऱ्याच मावशींना दिली होती. जागा नसल्याने दोन्ही अँप्युल एकाच कप्प्यात ठेवायला इन्चार्जने सांगितले होते, ही ओळ त्यांच्या कागदावर होती. नाटक संपल्यावर त्यांनी तो घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सर, मला कुणी बोलावलंच नाही की."