पेशा : पोतदार

“पोतदार हे आडनाव नाही बाई, हा पेशा लिहिलाय.” आज पणजोबांचा निजामकाळातला उर्दू कागद वाचताना चाचा म्हणाले. त्यांचं बोट ‘पेशा’ या शब्दावर होतं.

आम्ही पोतदार म्हणजे पोत्यांशी काहीतरी संबंध असणार, असं मी आजवर समजत होते. पण इथे पोत म्हणजे सरकारी खजिना. शेतसारा भरताना आलेलं नाणं खरं की खोटं, हे पारखणारा तो पोतदार. मराठवाड्यात तर निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही चालायचे. साधारण 6 कलदार म्हणजे 7 हाली. चुकून कसं चालेल?

घरी येऊन आजीला सांगितलं. ती सहज तिच्या सासऱ्यांबद्दल, म्हणजे पणजोबांबद्दल, म्हणाली, “मामंजी रुपया दगडावर आपटायचे अन् डोळे मिटून ऐकायचे. बद्द वाजला की बाजूला.”

डोळे मिटून! कुठल्याच कागदावर हे नाही. चाचांसारखे वाचणारे आता आमच्या गावात दोघंच उरलेत, आणि आजी नव्वदीला आलीय. उद्यापासून रोज तिच्यापाशी वही घेऊन बसणार आहे.

तुमच्या घरच्या जुन्या कागदावर पेशा काय लिहिलाय?