सावत्र घरातली सख्खी आई

मराठीत ‘सावत्र’ हे विशेषण आईला लागते, बापाला लागते, भावाबहिणींना आणि मुलांनाही लागते. पण जी स्त्री आपले मूल बरोबर घेऊन दुसरे लग्न करते, तिला ते लागत नाही, कारण त्या मुलाची ती सख्खीच आई असते. म्हणून सावत्र घराविषयी आपण जे काही बोलतो त्यात सगळ्यांचा विचार होतो, फक्त तिचा होत नाही. सायकोथेरपिस्ट म्हणून काम करताना ही उणीव मला अनेकदा जाणवली आहे. माझ्याकडे येणाऱ्यांच्या हकिकती मी येथे लिहिणार नाही. माझ्या आईची मात्र, तिच्या परवानगीने, लिहिते.

मी नऊ वर्षांची असताना आईने दुसरे लग्न केले. तिच्या नव्या नवऱ्याला मी काका म्हणत असे. ते काही बोलले आणि मी रुसले, की आई माझ्याजवळ येऊन सांगे, “अगं, त्यांच्या मनात तसं नव्हतं.” थोड्या वेळाने आतल्या खोलीतून तिचाच आवाज येई, “लहान आहे ती अजून, जरा वेळ द्या.” आई दोघांशी दोन तोंडांनी बोलते, असा राग मी कितीतरी वर्षे मनात धरला होता.

तो राग निवळला तो एक शोधनिबंध वाचताना. शॅनन वीव्हर आणि मेरिलिन कोलमन या अमेरिकी संशोधिकांनी सावत्र कुटुंबांतील मातांच्या मुलाखतींवर आधारलेला गुणात्मक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांचे रक्षण हा या मातांच्या अनुभवाचा गाभा असल्याचे त्यांना दिसले, आणि ते रक्षण चार रूपांत प्रकट होत होते: मुलाची बाजू घेऊन उभी राहणारी, नव्या नवऱ्याला मुलाच्या आयुष्यात किती शिरू द्यायचे ते ठरवणारी राखणदार, भांडणातली मध्यस्थ, आणि एकाचे मन दुसऱ्याला उलगडून सांगणारी दुभाषी. दुभाषी हा शब्द वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या आईची दोन तोंडे म्हणजे दोन भाषा होत्या, आणि त्या दोन्ही येणारी घरात ती एकटीच होती.

अशा अभ्यासात मुलाखती मोजक्याच असतात. पण प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवून, पुन्हा पुन्हा वाचून, तिच्यातील अर्थाचे धागे वेगळे काढावे लागतात. ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर सिद्धान्त आधी ठरवायचा नसतो, तो सांगणाऱ्यांच्या बोलण्यातून वर येऊ द्यायचा असतो. थेरपिस्टला हे वाटते त्याहून अवघड जाते. समोरची स्त्री मध्येच थांबली की आपला हात सवयीने धीर द्यायला पुढे होतो, आणि संशोधनात मात्र ते थांबणेही नोंदवायचे असते. शिवाय माझ्यासारखी, अशाच घरात मूल म्हणून वाढलेली संशोधक प्रत्येक आईत आपलीच आई शोधू लागण्याचा धोका असतो. म्हणून स्वतःचे पूर्वग्रह लिहून ठेवणे हाही संशोधनाचाच भाग ठरतो.

अमेरिकेतील निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. ‘सावत्र’ हा शब्दच ‘सवत’ या शब्दाशी नाते सांगतो. म्हणजे तो एका पुरुषाच्या अनेक बायकांच्या घरातून आला आहे. मूल घेऊन येणाऱ्या स्त्रीची कल्पना कायद्यानेही फारशी केली नव्हती. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात, आईने पुन्हा लग्न केल्यावर मृत पतीच्या नातलगांना मुलाच्या पालकत्वासाठी न्यायालयात अर्ज करण्याची सोय होती. शिवाय आपली नावे आहेतच. लग्नानंतर आईच्या नावामागे काकांचे नाव आणि आडनाव लागले, माझ्या नावामागे माझ्या वडिलांचे राहिले, आणि शाळेच्या प्रत्येक अर्जावर आम्ही मायलेकी दोन वेगळ्या घरांतल्या दिसू लागलो. दर जून महिन्यात खिडकीपाशी उभे राहून ते स्पष्टीकरण आईच देत असे. हे कामही दुभाष्याचेच, पण त्याला घराबाहेरच्यांशी बोलावे लागते, आणि आपल्याकडच्या मुलाखतींत त्याविषयी स्वतंत्र प्रश्न असायलाच हवा.

वीव्हर आणि कोलमन यांचा तो शोधनिबंध मी आईला मराठीत समजावून सांगितला, तेव्हा ती राखणदाराच्या भूमिकेपाशी थांबली. “ह्यांनी दर वेळी मागितलं होतं गं तुझं प्रगतिपुस्तक,” ती म्हणाली. “मीच दोन वर्षं दाखवलं नाही. मार्क कमी दिसले आणि हे काही बोलून गेले, तर तुझ्या मनातून कायमचे उतरतील, अशी भीती वाटायची.” तोवर मी ही भूमिका मुलाच्याच बाजूने वाचत आले होते. त्या रात्री माझ्या टिपणात ‘राखणदार’ या शब्दासमोर मी काकांचेही नाव लिहिले.