आमची वाटचाल : होडीपासून बर्फाच्या पेटीपर्यंत

आमचे आबा सुतार. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी त्यांनी जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. लाकूड परवडेनासं झालं तशी गिऱ्हाइकं "वरून फायबर मारून द्या" म्हणायला लागली. फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन नावाचं घट्ट होणारं चिकट द्रव्य यांचा थर. मी ठाण्याला फायबरच्या कारखान्यात चार वर्षं काढून परत आलो आणि घरामागे पत्र्याची शेड टाकली.

पहिली ऑर्डर चौदा फुटी होडीची. आबांनी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे होडीचा नमुना केला, मी त्यावर पुट्टी, वॉटर पेपर, पॉलिश करून साचा काढला. साचा सुरेख झाला, म्हणूनच पुढचं जास्त लागलं. नव्या साच्याला मेणाचे पाच-सहा हात द्यायचे, दरवेळी सुकू देऊन फडक्याने चकाकेपर्यंत घासायचं, मग पीव्हीए, म्हणजे पातळ पडदा धरणारं द्रव्य. हे सगळं होडी साच्यातून सुटावी म्हणून. गिऱ्हाईक दारात उभं. मी तीन हातांवर भागवलं आणि जेलकोट, म्हणजे होडीचा बाहेरचा रंगीत थर मारला. बोट लावलं की चिकट लागावं पण रंग बोटाला येऊ नये, एवढं सुकल्यावर आधी तीनशेची मॅट (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाची काचेच्या तंतूंची चटई) रेझिनमध्ये भिजवून, मग साडेचारशेच्या. रोलरने हवेचे बुडबुडे काढत रात्री अकरापर्यंत काम चाललं.

दुसऱ्या दिवशी होडी सुटेना. पाचरी ठोकल्या, फटीतून पाणी सोडलं. अखेर नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाला, कडकन आवाज झाला आणि साच्याचाच वीतभर टवका होडीबरोबर आला. आबा काही बोलले नाहीत. ओट्यावर बसून तो टवका उलटसुलट बघत राहिले. तेव्हापासून मेण तेच लावतात. मला हात लावू देत नाहीत.

बाकी चुका स्वस्तात शिकलो. मे महिन्यात हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) दोन टक्के घातलं की बादलीतच रेझिन धुमसतं. तेव्हा एकावर यायचं आणि दोन किलोच्या वर कालवायचं नाही. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचं नाही, भडका उडतो. दोन्ही डबे शेडच्या दोन टोकांना ठेवलेत. काचेच्या तंतूंची खाज मात्र अजून कुणाला चुकलेली नाही, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनसुद्धा.

होड्यांपेक्षा घर चालवलं ते मासळीच्या बर्फाच्या पेट्यांनी. दोन कवचं, मध्ये पफ (थंडावा टिकवणारा फोम), गंजण्याचा प्रश्न नाही. हिशेब बायको बघते. किलोभर मॅटला अडीच किलो रेझिन धरून तीच भाव काढते, आणि उधारीही तीच थांबवते.

सध्या अठरा फुटी होडीचा पॅटर्न तयार आहे. पण पावसाळ्यात मॅट ओल धरते, काम पांढरं पडतं, म्हणून साचा ऑक्टोबरात. तोवर पेट्यांची डागडुजी.